सहाव्या बाणाची निळी पट्टी

आमच्या माहेरी कुणाच्या हातून कपबशी पडली, दूध सांडलं, भाकरी तव्यावर नीट पडली नाही, की सगळे एका सुरात म्हणतात, "हात हलला वाटतं!" आणि खो-खो हसतात. हे वाक्य माझ्यावरून निघालेलं आहे. लग्नात मला आंदण म्हणून फारसं काही मिळालं नाही, पण हे वाक्य मात्र माझ्याबरोबर सासरी आलं. आमचे हे अजूनही चहाचा कप माझ्या हातात देताना म्हणतात, "सांभाळून हं, हात हलेल." मंचरला माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सुईत दोरा ओवते, तोही चष्म्याशिवाय. रेशमी काठाला फॉल लावते तर टाका वरून दिसत नाही. माझा हात हलत नाही हो. पण सांगायचं कुणाला?

वाक्य आप्पांचं. म्हणजे माझ्या वडिलांचं. मी सतरा वर्षांची असताना त्यांनी ते पहिल्यांदा उच्चारलं आणि तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाला ते ऐकवत आले. "आमची पोरगी धनुष्यबाण मारायची, लई भारी मारायची. शेवटच्या फेरीला पाच बाण पिवळ्यात घातले तिनं. सहावा नीट लागला आसता तर आज पोलिसात आसती. पन ऐन टायमाला हात हलला!" मग पाव्हणा माझ्याकडं बघून च्च् च्च् करायचा आणि मी खाली मान घालून चहा गाळत बसायची. आमच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा त्यांनी ही गोष्ट सांगितली. सासरे हसले म्हणून आप्पांना वाटलं, सोयरीक जुळली ती त्या गोष्टीमुळंच.

गोष्ट खोटी नव्हती, हे त्यातलं दुखणं. आमच्या शाळेत एक सर धनुर्विद्या शिकवायचे. सरांनी कुठून कुठून जमवलेले अ‍ॅल्युमिनियमचे बाण आम्हा मुलींना सहा-सहा वाटून दिले होते. टार्गेटमधून उपटताना भांडणं नकोत म्हणून प्रत्येकीनं आपल्या बाणांवर पिसांच्या पुढं रंगीत चिकटपट्टी गुंडाळायची. जुन्नरच्या बाजारात एका मारवाडी शेठचं दुकान होतं, तिथं विजेच्या वायरला लावायची टेप मिळायची. मी निळी आणली. का, तर आमच्या मेंढरांची खूण निळी.

आम्ही धनगर. आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आप्पांच्या वेळेपासून शेती, पण त्यांनी थोडी मेंढरं ठेवलीच. खोडदच्या अलीकडं, त्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या आहेत ना, त्यांच्या आसपासच्या मोकळ्या रानात चारायचे. लोकर कातरून झाली की प्रत्येक मेंढराच्या पाठीवर मागच्या बाजूला निळा पट्टा ओढायचा. चुलत्यांचा लाल ठिपका, आमचा निळा पट्टा. आप्पा म्हणायचे, खूण म्हणजे मेंढराचा सातबारा. आमच्या नात्यातल्या एकानं म्हणे कधीकाळी दुसऱ्याच्या मेंढरावर आपली खूण घातली होती. आप्पा त्याच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. लग्नकार्यात तो समोरून आला तर आप्पा धोतर सावरत दुसऱ्या दारानं निघून जायचे. एवढा कडक माणूस.

निवड चाचणी जुन्नरच्या मैदानावर होती. पुढं राज्याच्या स्पर्धेला जायचं, तिथं काही केलं की खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरती. मला दुसरं काही नको होतं. खाकी कपडे आणि कमरेला पट्टा, एवढंच डोळ्यांपुढं. बाकीच्या मुलींचे वडील मोटारसायकलवर आले होते. आमचे आप्पा खांद्यावर घोंगडी टाकून, हातात टकळी फिरवत लोकरीचं सूत काढत मैदानाच्या कडेला उभे. मुली खुसखुसल्या. खरं सांगते, मला लाज वाटली. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

सकाळी सगळं छान चाललं होतं. शेवटच्या फेरीच्या आधी मात्र माझा एक बाण टार्गेटच्या लोखंडी पायावर आदळला आणि वाकला. शेवटचे सहा बाण जेवणाच्या सुट्टीनंतर मारायचे होते. माझ्याकडं उरले पाच. मी सरांकडं धावले. सर म्हणाले, "तुझ्या नंबरचा जादा बाण शाळेच्या पेटीत नाही गं. दुसऱ्या नंबरचा मारण्यापेक्षा पाचच मार." प्रत्येक अ‍ॅल्युमिनियमच्या बाणावर चार आकडी नंबर छापलेला असतो. पहिले दोन आकडे बाहेरची जाडी, पुढचे दोन आतल्या पत्र्याची जाडी. दोन बाण बाहेरून अगदी सारखे दिसले तरी पत्रा पातळ असला की बाण सुटताना जास्त लवतो आणि माझ्यासारख्या उजव्या हातानं मारणारीचा उजवीकडं पळतो. हे सरांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात घोकायला लावलं होतं.

मी झाडाखाली बसून रडायला लागले. पाच बाणांवर हरणार हे ठरलेलंच होतं. आप्पा आले, वाकडा बाण हातात घेतला, म्हणाले, "त्यात काय रडायचं? आन हिकडं. सरळ करून देतो." माझ्या पिशवीतली निळी टेपही मागून घेतली आणि मैदानाच्या पलीकडं गेले. शिट्टी व्हायच्या आत परतले. बाण सरळ! मी नखावर धरून फिरवून पाहिला, जरासुद्धा लचकत नव्हता. "पिसं पन ढिली झाली व्हती, बांधून दिली," म्हणाले. नवी पट्टी चोपून बसवलेली. त्या क्षणी मला माझ्या बापाचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! सकाळची लाज कुठल्या कुठं पळाली.

पाच बाण पिवळ्यात, म्हणजे टार्गेटच्या मधोमध गेले. सहावा नुसता त्याबाहेरच्या लालमध्ये लागला असता तरी चाललं असतं. मी दोरी ओढली, हनुवटीला टेकवली, सोडली. माझ्या हातात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. बाण उजवीकडं झुकत गेला आणि टार्गेटच्या बाजूनं मागच्या गवतात पडला.

मागून आवाज आला, "हात हलला!" आप्पांचा. सरांनी तोंड उघडायच्या आधी.

मग सरही म्हणाले, असेल. मुली म्हणाल्या, हो गं, आम्ही पाहिला हलताना. आणि मीही मान डोलावली. जिचं नाव लागलं ती आज खरंच पोलिसात आहे. आळेफाट्याच्या चौकात कधी कधी ड्युटीवर दिसते. तिनं माझं काही वाकडं केलेलं नाही, तरी आमची गाडी तिथं थांबली की मी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघते. पुढच्याच वर्षी माझं लग्न झालं.

आता इतक्या वर्षांनी हे उकरायचं कारण, भावानं मागच्या हिवाळ्यात माहेरच्या घराचे पत्रे बदलले. आढ्यावर प्लास्टिकच्या पाइपात कोंबलेले माझे बाण सापडले. भाऊ म्हणाला, "ताई, भंगारवाला आलाय, देऊन टाकू का?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "हात लावून बघ त्याला!" पाइप काखेत मारला आणि तडक मंचरला आणला. आमचे हे म्हणाले, "आता काय शिकारीला जाणार?" मनात एकच होतं, हे सहाच्या सहा बाण नीट करायचे आणि एकदा मारून बघायचे. माझा हात हलतो की नाही, याचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. एका शाळेचे गणवेश मी शिवते, तिथं धनुर्विद्येचा वर्ग चालतो. तिथले सर रविवारी तासभर धनुष्य द्यायला कबूल झाले. "पण ताई, आता सगळे कार्बनचे बाण वापरतात," म्हणाले. वापरू देत. माझा हात कार्बनच्या बाणानं हलला नव्हता.

बाणांची अवस्था काय वर्णावी! पिसं उंदरांनी कुरतडलेली. शेपटाला जो प्लास्टिकचा नॉक असतो, ज्याच्या खाचेत धनुष्याची दोरी अडकवायची, तो पिवळा पडून चिरलेला. आम्ही मुली त्याला चिमटा म्हणायचो. तीन पिसांतलं एक वेगळ्या रंगाचं असतं, ते नॉकच्या खाचेशी काटकोनात यायला लागतं. त्याला आम्ही नवरदेव म्हणायचो आणि उरलेल्या दोघी करवल्या. नवरदेव नीट बसला नाही तर करवल्या धनुष्याच्या दांड्याला घासतात, वऱ्हाड भलतीकडंच जातं.

चिमटे शोधायला जीव गेला. आजकालचे नॉक नळीच्या आत खुपसायचे. माझ्या बाणांचं शेपूट निमुळतं, त्यावर टोपीसारखे बसवून चिकटवायचे नॉक लागतात. पुण्याच्या एका दुकानदारानं फोनवर सांगितलं, "मॅडम, तो माल आता येत नाही." मग मोबाइलवर शोधून तीन प्रकारचे मागवले. पारदर्शक आले ते दिसायला देखणे, पण दोरीत सैल. बाण दोरीला लावून खाली लोंबकळू द्यायचा असतो. तसा तो राहिला पाहिजे, आणि दोरीवर बोटानं टिचकी मारली की पडला पाहिजे. पारदर्शक आपोआपच गळून पडत होते. पांढरे इतके घट्ट की टिचक्या मारून बोट दुखलं तरी सुटेनात. नारिंगी बसले, टिचबटण बसतं तसा टच् आवाज करत. वर्गाच्या सरांनी दिलेली जुनी दोरी मी मशीनच्या टेबलाला बांधली होती आणि गिऱ्हाइकं साड्या घेऊन उभी असताना टिचक्या मारत बसले होते. एक बाई म्हणाली, "ताई, बरं वाटतं ना?"

पिसांचा आणखी वेगळा ताप. प्लास्टिकची पाती मिळतात, पावसात भिजत नाहीत, स्वस्त आणि मस्त. पण मला तेव्हाच्यासारखीच हवी होती, खऱ्या पक्ष्याची. बाकी सगळं तेव्हासारखं असलं तरच परीक्षा खरी. आलेल्या पाकिटात डाव्या पंखाची आणि उजव्या पंखाची पिसं एकत्र कोंबलेली. एका बाणावर एकाच बाजूच्या पंखाची लागतात, नाहीतर हवेत त्यांची आपापसात ओढाओढ होते. दोन दुपारी मी नुसती पिसं निवडली. उजेडात धरायची, वळण कुठल्या बाजूला ते बघायचं, डावी ह्या डब्यात, उजवी त्या डब्यात. नवरदेवासाठी पिवळं घेतलं, करवल्या पांढऱ्या. आमचे हे म्हणाले, "एवढं लक्ष माझ्या डब्याकडं दिलं असतंस तर!" म्हटलं, डबा मीच भरते, हात न हलवता.

जुनं काढताना नॉक गॅसच्या ज्योतीवर अगदी बारीक शेकायचा आणि पकडीनं पिळायचा. पिसं चाकूनं खरवडायची, डिंकाचा पापुद्रा नेलपॉलिश काढायच्या पाण्यानं पुसायचा, मग राखेनं घासून बाण लख्ख करायचा, म्हणजे नवा डिंक धरतो. पट्ट्याही सोलून काढाव्या लागतात. पाच बाण झाले. प्रत्येकावर निळ्या पट्टीखाली नंबर अजून वाचता येत होता, १८१६. सहावा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो ओळखू यायचा, गवतातल्या दगडावर आपटून त्याचं टोक खरचटलेलं.

नखानं निळी टेप उचकटली. आत काळी दोरी निघाली. लोकरीची, हातानं काढलेली, पिसांच्या पुढच्या टोकांवर एकाशेजारी एक घट्ट वेढे. ती दोरी कुणाची हे मला सांगायला नको. बाण सरळ करून देताना बांधली असणार, म्हटलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं माझ्या. दोरी उलगडली. दोरीखाली लाल टेप.

लाल टेप माझ्या बाणावर कशी असेल? लाल पट्टी शाळेच्या पेटीतल्या बाणांना असायची. मी लाल टेप सोलली. खाली नंबर होता, १८१३.

मी तो नंबर तीनदा वाचला. मग बाण घेऊन उंबऱ्यात उन्हात आले आणि परत वाचला. मग खाली बसले. दुकानात एक पोरगी ब्लाउजचं माप द्यायला आली होती, तिला म्हटलं, "उद्या ये गं बाई, आज नको." जाडी तीच, पत्रा पातळ. हा माझा बाण नव्हताच. हा उजवीकडं जाणार होता. मी मारला असता, सरांनी मारला असता, त्या आळेफाट्यावरच्या पोलिसीणबाईंनी मारला असता, तरी उजवीकडंच गेला असता. माझा हात जागच्या जागी होता. इतकी वर्षं मी स्वतःच्या हाताला शिव्या घातल्या! माझ्या लेकीच्या हातून काही पडलं तर तिलाही मीच म्हणायचे, माझ्यावर गेलीस.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि नारायणगावावरून माहेर गाठलं. आप्पा घराच्या कुडाला टेकून उन्हात बसले होते, टकळी चालू. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं टाळताहेत. चहाचं विचारायच्या आत मी बाण त्यांच्या हातात दिला. त्याच दोरीचे चार वेढे मी त्यावर परत घालून ठेवले होते.

"आप्पा, हा ओळखा."

त्यांनी टकळी खाली ठेवली. शेपटापासून बोट फिरवत आणलं. लोकरीवर आल्यावर बोट थांबलं.

"दोरी माजी हाय," म्हणाले.

"आणि बाण?"

"तुजा."

"आप्पा."

त्यांनी घसा खाकरला. "सरांच्या पेटीतला हाय. तुजा वाकडा बाण सरळ व्हईना. दगडावर ठिवून दाबला तर मोडलाच. वढ्यात टाकला म्या त्यो. तू तिकडं रडत बसल्याली. पेटी उगडीच व्हती, सर जेवाय ग्येल्ते. लाल पट्टीचा व्हता. वरनं आपली निळी मारली."

"दुसऱ्याच्या खुणेवर?"

"व्हय," म्हणाले. "जल्मात यकदाच."

मी त्यांना नंबर सांगितला. १८१६ म्हणजे काय, १८१३ म्हणजे काय, सगळं. ते बोटानं नंबर चाचपत राहिले, पण तो छापलेला, हाताला काय लागणार! "बाणाला नंबर आसतोय व्हय," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "असतो. आणि हा बाण उजवीकडं जाणारच होता. माझा हात हलला नव्हता."

त्यांनी बाण मांडीवर ठेवला. मला गप्प बसवेना.

"तुम्हाला माहीत होतं?"

"न्हाई गं. नंबर-बिंबर मला काय ठावं."

"मग सगळ्यांच्या आधी तुम्हीच कसे म्हणालात हात हलला? सरांनी तोंड उघडलं नव्हतं अजून!"

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाले, "बाण वाकडा ग्येला तवा मला वाटलं, चोरीचा हाय म्हनून ग्येला. कुनी इचारलं आसतं, ह्यो बाण कुटला, तर काय सांगनार व्हतो? म्हनून म्हटलं, हात हलला. सगळ्यांनी तुज्याकडं बगितलं. बाणाकडं कुनी बगितलंच न्हाई."

"आणि पुढं? इतकी वर्षं? पाव्हण्यांसमोर? माझ्या सासऱ्यांसमोर?"

"मागनं कुनी इचारू नये म्हनून सांगत ग्येलो. सांगून सांगून मलाच खरं वाटाय लागलं."

मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. भावजय बाहेर आली आणि परत आत गेली. मी म्हटलं, चोरी केलीत ती माझ्यासाठी केलीत, ती माफ. नंबर कळला नाही, तोही माफ. पण स्वतःचं नाव वाचवायला पोरीचा हात पुढं केलात, आणि तो हात घेऊन मी कुठं कुठं मान खाली घातली ते तुम्हाला माहीत आहे का? त्यांनी एकदाही तोंड वर केलं नाही. मी चहा न घेता निघाले. एसटीत बसल्यावर कळलं, बाण त्यांच्याकडंच राहिला.

रविवारी तरी मी शाळेच्या मैदानावर गेले. नारिंगी चिमट्यांचे, पिवळ्या नवरदेवाचे पाच बाण, एकेक आरशासारखा. तो दिवस कसा मिरवायचा हे मी मनात ठरवून ठेवलं होतं. धनुष्य ओढलं आणि खांद्यातून कळ गेली. इतक्या वर्षांत ओढलं होतं कुठं मी धनुष्य? दहा मीटरवरून पाचही बाण टार्गेटभर विखुरले. वर्गाचे सर बिचारे सौम्यपणे म्हणाले, "ताई, हात थोडा हलतोय." मी हसायलाच लागले. इतकी हसले की ते घाबरले, पाणी आणायला धावले. खरं काय ते आता कुणाला दाखवायचं, आणि कुठल्या हातानं? पाच बाण घरी आणून मशीनमागच्या खिळ्याला टांगले. आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. त्या दिवसापासून ते तसं म्हणत नाहीत. कप देताना अजून तोंड उघडतात आणि मिटतात.

माहेरी मी दोन-तीन महिने फिरकले नाही. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, आप्पांनी ती गोष्ट सांगायची सोडली बघ. परवा पाव्हणे आले, त्यांनी होऊन विषय काढला तर हे उठून गोठ्यात गेले." मला बरं वाटायला हवं होतं. म्हटलं, आता कशाला, आता सांगा ना खरी!

मग भाच्याच्या जावळाला जावंच लागलं. मेंढरं दारातच होती, नुकतीच कातरलेली. पाठीवरचे निळे पट्टे बघून मी थबकले. काही वाकडे, काही तुटक, एकीच्या तर पोटावर ओघळ. आप्पांचा पट्टा पट्टी लावून ओढल्यासारखा असायचा, लहानपणापासून बघत आलेय मी. मोतीबिंदू झाल्यावरही त्यांनी तो दुसऱ्या कुणाला कधी ओढू दिला नव्हता. ते कुडाशीच बसले होते, त्याच जागी, टकळी घेऊन.

"आप्पा, या वर्षी खूण कुणी घातली?" मी विचारलं. त्या दिवसानंतर आमचं पहिलंच बोलणं.

"शेजारच्याकडनं घालून घ्येतली."

"का? तुम्ही का नाही घातली?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "माजा हात हलतोय आता, पोरी."

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि राग जायच्या ऐवजी आणखी वाढला. मी त्यांच्या हाताकडं बघत राहिले. टकळी गरागरा फिरत होती आणि बोटांतून लोकरीचं सूत निघत होतं, एकसारखं, काळं, कुठं जाड नाही की बारीक नाही.